शनिवारची सभा आणि आईचं मत

मॅडम,

तुमचा तो विषय आता मी शिकवते. एवढं एक वाक्य लिहून मघापासून नुसती बसले आहे, कारण तुम्ही असता तर यावर काय म्हणाला असता ते मला अगदी स्पष्ट ऐकू येतंय. चष्मा डोक्यावर सरकवून तुम्ही म्हणाला असता, "शिकवतेस की वाचून दाखवतेस?" खरं तर अजून मला नीट सांगता येणार नाही. आठवडाभर मी एका कंपनीत नोकरी करते आणि शनिवारी इथेच इंदूरला आपल्या जुन्या कॉलेजात बीबीएच्या शेवटच्या सेमिस्टरला जाते. तीच दुसऱ्या मजल्यावरची खोली. पंखे नवे आहेत, फळा पांढरा झाला आहे, पण खिडकीतून अजून समोरच्या गॅरेजमधला ठोकाठोकीचा आवाज येतो आणि मागच्या बाकावरची मुलं अजून त्याच्या तालावर पाय हलवतात.

पहिल्या दिवशी तुम्ही फळ्यावर 'कॅपस्टोन' असं लिहिलं होतं आणि अर्थ विचारला होता. कुणालाच सांगता आला नाही. कापडबाजारातल्या व्यापाऱ्याचा मुलगा, ज्याला आम्ही सगळे इंदुरी पद्धतीने नुसतं भिया, म्हणजे भैया, म्हणायचो, तो म्हणाला, "मॅम, कोई टोपी-वोपी है क्या पत्थर की?" वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, तीन वर्षं तुम्हाला वेगवेगळ्या डब्यांतून वाढलं आहे, अकाउंट्स एका डब्यात, मार्केटिंग दुसऱ्यात, माणसं कशी सांभाळायची ते तिसऱ्यात. आता सगळं एका ताटात घ्या आणि मला जेवून दाखवा. मी ते वाक्य घरी जाऊन आईला सांगितलं. आई साडीला फॉल लावत होती. तोंडातली सुई काढून म्हणाली, "मग इतके दिवस उपाशीच होतीस का?"

तुम्ही आमच्या चार-चार जणांच्या टोळ्या केल्यात आणि प्रत्येकीला एक कागदी कंपनी दिलीत. आमची प्लास्टिकच्या बादल्या आणि मग्गे बनवणारी होती. एक शनिवार म्हणजे कंपनीचं एक वर्ष. आम्ही निर्णय लिहून द्यायचो, तुम्ही घरून त्याचे परिणाम काढून आणायचात: बाजार बसला, कच्चा माल महागला, शेजारच्या कंपनीने तुमचं गिऱ्हाईक पळवलं. आम्ही त्या बादल्यांसाठी खरोखर भांडायचो. झाकणाची बादली काढायची की नाही यावर भिया आणि मी कॅन्टीनमध्ये पोहे गार होईपर्यंत वाद घातला होता. माझ्यासाठी तो खेळ नव्हताच. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बाबा सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात पॅकिंगला, आईची राजवाड्याच्या मागच्या गल्लीत फॉल-पिकोची छोटी टपरी. आमच्याकडे कंपनी म्हणजे जिचा भोंगा होतो आणि जी कधी कामावर घेते, कधी नाही. ती आतून चालवायची असते, तिच्याबद्दल कुणीतरी बसून विचार करतं, हे मला तुमच्या वर्गात कळलं, आणि मला वाटायला लागलं की आपण तिथे बसलो तर सगळं चांगलंच करू.

मग अर्ध्या सेमिस्टरला तुम्ही कंपन्या बदलल्यात. त्या शनिवारी आम्ही आमच्या बादल्यांची पुढची पाच वर्षं आखून आलो होतो, आणि तुम्ही शांतपणे फायली गोळा करून दुसऱ्यांच्या हातात दिल्यात. आमची नीटनेटकी कंपनी दुसऱ्या टोळीला गेली आणि त्यांची आमच्याकडे आली. तीही बादल्यांचीच, पण त्यांनी हौसेने दुसरा कारखाना बांधून ठेवला होता आणि त्यात बनवायला काही नव्हतं. भियाने फाईल उघडली आणि कपाळाला हात लावला. "अरे यार, इन्होंने तो बारा बजा रखे हैं कंपनी के." मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "मॅडम, हे फेअर नाही. आधीच्या टीमने चुकीचं डिसिजन घेतलं, त्याचं आम्ही का भोगायचं?" तुम्ही मला बस म्हणाला नाहीत. उभं ठेवूनच म्हणालात, "बाळ, तुला आयुष्यात जी कंपनी मिळेल, ती कुणीतरी वापरलेलीच मिळेल. माझ्या वर्गात मागच्यांचं नाव घ्यायचं नाही. आजपासून ती चूक तुझी आहे. बोल आता, काय करणार?" त्या दिवशी मला तुमचा राग आला होता, आणि आता माझ्या वर्गात कंपन्या बदलल्या की कुणीतरी असंच उठून उभं राहतं आणि मी तुमचंच वाक्य शब्दन् शब्द बोलते. त्यांनाही माझा राग येतो. मला ते बघायला आवडतं.

पण मला आज लिहायचं आहे ते शेवटच्या सभेबद्दल. इतर कॉलेजांमध्ये कॅपस्टोनच्या शेवटी बाहेरचे परीक्षक यायचे, टाय लावून. तुम्ही जाहीर केलंत की आपल्याकडे भागधारकांची सभा होईल आणि भागधारक म्हणजे तुमच्या घरची माणसं. प्रत्येकाने घरचं एक मोठं माणूस आणायचं. त्या चार माणसांना टीमने आपला प्रस्ताव समजावायचा, त्यांना कळेल अशा भाषेत, आणि चारांतल्या तिघांनी हात वर केला तर प्रस्ताव पास. नाहीतर त्या भागाचे मार्क गेले. वर्गात एकच गलका झाला. तास संपल्यावर मी तुमच्या मागे जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, बाबांची शिफ्ट असते, आणि आईला दुकान असतं, शनिवारी दुपारी तर गर्दी असते. तुम्ही म्हणालात, "विचारलंस?" मी म्हटलं, "तिला समजणार नाही मॅडम, ती फार शिकलेली नाही." तुम्ही म्हणालात, "ती शिकलेली नाही, तू तर शिकली आहेस ना? समजावणं कुणाचं काम?"

आणि मग तुम्ही स्वतःच टपरीवर गेलात. मला हे संध्याकाळी कळलं. आई म्हणाली, "तुझ्या मॅडम आल्या होत्या. मोरपिशी साडी, आणि दोरा आणलेला हिरवा. मी म्हटलं, बाई, हा जाणार नाही हिच्यावर." तुम्ही स्टुलावर बसून चहा घेतलात, आईला सभेचं सांगितलंत, आणि आईने तुम्हाला फॉलचे पैसे लावले. पूर्ण. मला शरमेने मेल्यासारखं झालं. "अगं, माझ्या मॅडम आहेत त्या!" "मग? फॉल साडीला लावला ना, मॅडमला नाही लावला," आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "रंग कळत नाहीत तुझ्या मॅडमना, पण सरळ बाई आहे. येईन मी."

सभेच्या आधीच्या रविवारी तुम्ही मला स्नेहलतागंजला घरी बोलावलंत. मला वाटलं होतं मोठं घर असेल, पुस्तकांची कपाटं असतील. दोन खोल्यांचा फ्लॅट होता आणि पुस्तकं चक्क फ्रिजवर होती. तुम्ही स्वयंपाकघरात आमटी करत होतात. म्हणालात, "मी फोडणी देते, तू मला तुमचा प्रस्ताव सांग. इंग्रजी शब्द आला की मी थांबवणार." मी सुरू केलं आणि तुम्ही मला पहिल्याच वाक्यात थांबवलंत. डिव्हिडंड. मी म्हटलं, लाभांश. तुम्ही पळी हलवत म्हणालात, "लाभांश म्हटलंस तर आई विचारेल हा कुठला देव." डेप्रिसिएशनला मी अडले. तुम्ही म्हणालात घसारा, मग स्वतःच म्हणालात, तोही नको, मशीन झिजतं म्हण. मला फार विचित्र वाटत होतं. तीन वर्षं मी जे शिकले होते ते सगळं इंग्रजीत माझ्या डोक्यात नीट रचलेलं होतं, आणि घरच्या भाषेत सांगायला गेले की त्यातलं निम्मं मला स्वतःलाच कळलेलं नाही हे उघडं पडत होतं. आपली इंदूरची मराठी तशीही अर्धी हिंदीच. मी 'मतलब' म्हणून पुढे ढकलत होते, तुम्ही 'मतलब काय?' म्हणून मला मागे ओढत होतात. तेवढ्यात आमटी खाली लागली. तुम्ही पातेल्यात डोकावून म्हणालात, "ही माझी नेहमीची आहे," आणि मला पोळ्या लाटायला बसवलंत. मी लाटत गेले आणि सांगत गेले, आणि कसं कुणास ठाऊक, लाटताना ते सोपं झालं. दुसरा कारखाना विकायचा. आलेल्या पैशांतून कर्जाचा भार हलका करायचा आणि नवे साचे घ्यायचे. तोपर्यंत दोन वर्षं भागधारकांना काही द्यायचं नाही. तिसऱ्या वर्षी कंपनी उभी राहील. तुम्ही म्हणालात, "आता कळलं मला." लागलेली आमटी आणि माझ्या पोळ्या आपण ओट्याशी उभ्यानेच खाल्ल्या.

त्याच आठवड्यात मला पुण्याच्या नोकरीचं पत्र आलं. शेवटच्या सेमिस्टरला पहिला वर्ग मिळाला तर रुजू व्हा, असं. घरी मी काहीच बोलले नव्हते. आमच्या घरातून मुलगी लग्न झाल्याशिवाय दुसऱ्या गावी राहायला गेलेली नव्हती, आणि मला वाटलं, आधी सभा होऊ दे, मार्क हातात येऊ देत, मग बोलू. तुम्हाला मात्र सांगितलं होतं. तुम्ही नुसतं "छान" म्हणालात आणि घरचं काही विचारलं नाहीत.

सभेचा दिवस मला आजही असा दिसतो. सेमिनार हॉलमध्ये चार खुर्च्या पुढे ओढलेल्या. पहिल्या खुर्चीवर भियाचे दादाजी, पांढरं धोतर, हातात काठी. दुसरीवर आमच्या टीममधल्या एकीची मावशी. तिसरीवर चौथ्याचे काका, बँकेत होते, ते आल्यापासून घड्याळ बघतायत. चौथीवर आई. लग्नातली साडी नेसून आलीय आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलीय. मी समोर जाऊन उभी राहते, अजून तोंडही उघडलेलं नाही, आणि आई हात वर करते.

हॉल हसला. तुम्ही मागून विचारलंत, "ताई, कशाला हात वर केलात?"

"हो म्हणायला," आई म्हणाली.

"प्रस्ताव काय आहे ते ऐकलंत का?"

"नाही मॅडमजी. पण माझी मुलगी आहे ती."

"हे मत रद्द," तुम्ही म्हणालात. "मुलगी घरी. इथे कंपनी आहे. ऐका, पटलं तर हात वर करा." आईने हात खाली घेतला, पण तिचा चेहरा बदलला. रंगाची जुळणी बघताना ती डोळे बारीक करते ना, तशी ती माझ्याकडे बघायला लागली.

मी बोलले, मॅडम. चांगलं बोलले. भियाने आकड्यांचा भाग हिंदीत सांगितला, मी बाकीचं मराठीत आणि मधेच हिंदीत. दोन वर्षं तुम्हाला काही मिळणार नाही, इथपर्यंत आले आणि आई म्हणाली, "मग हो कशाला म्हणायचं?" मी गडबडले. मला वाटलं, हिला पटेल असं काहीतरी घरचं बोलावं. मी म्हणाले, "आई, तू नाही का इतकी वर्षं स्वतःला काही घेतलं नाहीस, मला शिकवलंस, तसंच आहे हे." माझा आवाज भरून आला होता, मावशींनी पदर डोळ्यांना लावला, आणि मागून तुमचा आवाज आला, कोरडा. "थांब. आईच्या कष्टांवर मतं मागू नकोस. बादल्यांबद्दल बोल."

तसं मला कुणी कधी रागावलं नव्हतं, आणि तेही आईसमोर. मी बादल्यांबद्दल बोलले. जुना कारखाना किती चालतो, नवीन का नाही चालत, झाकणवाली बादली बाजारात का खपेल. आई ऐकत होती. मधेच तिने विचारलं की झाकण वेगळं मिळेल का, कारण तुटतं ते झाकणच. मी म्हटलं मिळेल. मग तिने विचारलं, "आणि हे दोन वर्षं थांबा म्हणतेयस. आधीच्यांनी ते दुसरं बांधलं आणि गेले ना ते? दोन वर्षांनी आम्ही विचारायला आलो, तर तू असशील का तिथे?"

साधा प्रश्न होता. कंपनीबद्दलच होता. भिया माझ्या शेजारी कुजबुजला, "बोल दे हाँ. गेम है यार, बोल दे." तोपर्यंत दादाजींनी हात वर केला होता, मावशींनीही केला होता. बँकेतल्या काकांनी आधीच मान हलवून नाही म्हटलं होतं. तिसरं मत आईचं. ते मिळालं की प्रस्ताव पास, पहिला वर्ग नक्की, पुणं नक्की. एक 'असेन' म्हणायचं होतं. कागदी कंपनीसाठी कागदी 'असेन'. पण विचारणारी आई होती, आणि ती मला विचारत होती.

मी म्हटलं, "नसेन."

"का? कुठे असशील?"

"पुण्याला. नोकरीचं पत्र आलंय."

मला वाटलं तुम्ही काहीतरी बोलाल, मधे पडाल. तुम्ही खिडकीपाशी हाताची घडी घालून उभ्याच राहिलात. आईने माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे बघितलं. तिचे दोन्ही हात पिशवीवर होते आणि तिथेच राहिले. तुम्ही म्हणालात, "दोन विरुद्ध दोन. प्रस्ताव नामंजूर. पुढची टीम."

बाहेर व्हरांड्यात भिया म्हणाला, "तेरी मम्मी ने तो डुबो दी, बहन," आणि लगेच ओशाळला, कारण आई मागेच उभी होती. दादाजी आईला म्हणाले, "बेनजी, थोड़ा तो बच्ची का मन रख लेतीं." आई म्हणाली, "मन घर जाके रख लूँगी दादाजी. वो तो कंपनी का पूछ रहे थे."

आम्ही ऑटोने राजवाड्याला आलो. आईला दोरे घ्यायचे होते. दुकानदार रिळं समोर ओतत होता, ती एकेक उजेडात धरून बघत होती, आणि मी बाजूला उभी राहून रडू दाबत होते. मला वाटत होतं की सगळं गेलं, मार्कही आणि पुणंही. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तोंड कशाला पाडलंयस? कंपनीला नाही म्हटलं मी. पुण्याला कुठे नाही म्हटलं?" तिने जांभळं रीळ बाजूला ठेवलं. "आधी सांगायला काय झालं होतं? बाबांना मी सांगते. तू नको सांगूस, तू रडशील. तिकडे खोली कशी मिळते, मुलींची असते का वेगळी?" मग दुकानदाराला म्हणाली, "भिया, ये वाला नहीं, इससे एक डार्क."

सोमवारी मी स्टाफरूममध्ये आले ती भांडायलाच. तुम्हाला माहीत होतं का की आई असं विचारेल, असं मी विचारलं. तुम्ही पेपर तपासत होतात. म्हणालात, "मला काय माहीत? मी खुर्च्या लावल्या." मग पेन खाली ठेवून म्हणालात, "एक सांगू? तुझ्या आईचं मत चूक होतं. दोन वर्षं थांबायलाच हवं होतं, तुमचा प्रस्ताव बरोबर होता. कंपनी तू चालव की आणखी कुणी, साचे तर नवे लागणारच होते. पण ते तू तिला सांगितलं नाहीस. ती विचारत होती माझं कोण बघणार, आणि तू तिला तुझा पत्ता सांगितलास." मी म्हटलं, "मग मी खोटं बोलायला हवं होतं का?" तुम्ही म्हणालात, "खोटं कशाला? तू नसलीस तरी कोण असेल ते सांगायचं. कंपनी म्हणजे तेवढंच असतं बाळ. आपण नसताना कोण असेल त्याची सोय." त्या भागाचा एकही मार्क तुम्ही मला दिला नाहीत. पहिला वर्ग इतर विषयांच्या जोरावर राहिला, कसाबसा. तुमच्यावर रुसायचा माझा विचार होता, पण निकालाच्या दिवशी तुम्ही जिन्यात भेटलात आणि म्हणालात, "मिळाला ना? मग जा आता," आणि माझा रुसवा कुठे गेला ते कळलंच नाही.

पुण्याची बस संध्याकाळची होती. तुम्ही स्टँडवर याल असं वाटलं नव्हतं. तुम्ही आलात, हातात झाकणाची हिरवी बादली घेऊन. आत शेव, पोह्यांवर घालायचं जिरावण, साबण, दोरी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. बाबा तुम्हाला पहिल्यांदाच भेटत होते, ते नुसते हात जोडून उभे राहिले. तुम्ही म्हणालात, "नव्या खोलीत पहिल्या दिवशी सगळं मिळतं, बादली मिळत नाही." आईने झाकण उघडून-लावून बघितलं आणि म्हणाली, "मॅडमजी, झाकण घट्ट आहे हं." आणि तुम्ही दोघी हसलात. कंडक्टरने ती बादली वर ठेवायला नकार दिला, म्हणून पूर्ण प्रवास ती माझ्या पायाशी होती.

तुम्ही गेल्याचं मला पुण्यात ऑफिसमध्ये कळलं, वर्गाच्या जुन्या ग्रुपवर. भियानेच टाकलं होतं. त्याला तरी कसं कळलं कुणास ठाऊक. मी फोन पालथा ठेवला आणि मीटिंगला गेले, आणि मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की आधीच्या मॅनेजरने हा घोळ करून ठेवलाय, आणि मी नको तितक्या जोरात म्हणाले, "त्यांचं नाव घेऊ नका." सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याला आता बरीच वर्षं झाली. तुमच्यासाठी मी तेवढंच केलं, त्या दिवशी.

दोन वर्षांपूर्वी मी इंदूरला परत आले. आता कॅपस्टोन कॉम्प्युटरवर असतो. मुलं आकडे भरतात, पडदा लगेच सांगतो तुमचा नंबर कितवा. वाईट नाही ते, तुम्ही घरी बसून रात्र-रात्र जे काढायचात ते क्षणात होतं. पण सभा मी मागून घेतली. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, पेरेंट्स को कौन बुलाए, कंप्लेंट करते हैं." मी म्हटलं, पेरेंट्स म्हणून नाही, भागधारक म्हणून बोलावते. त्यांनी एका वर्षापुरतं हो म्हटलं. उद्या ती सभा आहे. ती धड झाली तर पुढच्या वर्षी राहील, नाहीतर पडदा आहेच. एका मुलीचं घर बडवानीकडच्या गावात आहे, तिच्याकडचं कुणी येऊ शकत नाही. ती रडवेली होऊन मला विचारत होती की तिचं मत बाद होणार का. घरी मी हे सहज बोलले तर आई म्हणाली, "तिच्याकडून मी बसते की." मी म्हटलं, प्रस्ताव पटला नाही तर? आई म्हणाली, "तर नाही म्हणेन. मला काय नवीन आहे?"

आत्ता ती आतल्या खोलीत साडीला इस्त्री करतेय. मगाशी तिने विचारलं की त्या मुलीची कंपनी काय बनवते. मी सांगितलं नाही, कारण प्रस्ताव सभेतच ऐकायचा, हा तुमचा नियम. मुलीला मी सांगून ठेवलंय की बाईला नीट समजाव, आणि तू नसलीस तर मागे कोण असेल ते आधी सांग, ती विचारायच्या आधी. हे सांगणं नियमात बसतं का, ते तुम्हाला विचारायला हवं होतं.

हे मी कुणाला दाखवणार नाही. लिहायचं होतं म्हणून लिहिलं. वर्गात मी त्या सभेची गोष्ट फार छान सांगते, मॅडम. आईने कशी माया बाजूला ठेवली, तुम्ही कसे मार्क दिले नाहीत, आणि मी त्यातून काय शिकले. मुलं ऐकतात, कुणी लिहूनही घेतं. ते सगळं खरं आहे. फक्त एक मी त्यांना सांगत नाही, ते तुम्हाला सांगते. त्या दिवशी आईने हात वर केला असता तर मला फार बरं वाटलं असतं. अजूनही वाटतं, करायला हवा होता तिने.